हवेचं भाडं

गणपतीला महिना उरला की डोंबिवलीत कितीतरी घरांच्या जिन्याखाली एक वास भरून राहायचा. गोडसर, घशाला किंचित लागणारा. लाकडी चौकटीत ताणलेली नायक्रोमची बारीक तार, खाली ट्रान्सफॉर्मर आणि पाटावर पांढराशुभ्र थर्माकोलचा तक्ता. तार तापली की तक्ता तिच्यातून अलगद सरकायचा आणि पलीकडून मोराचं पीस, कमानीची महिरप, कमळाची पाकळी होऊन बाहेर पडायचा. शाळेतून आल्यावर आम्ही मुलं तिथेच घुटमळायचो. मला मात्र मोरापेक्षा तारेखाली साचणारे गोळे जास्त आवडायचे. दिवसभर तक्ते कापून झाले की पाटावर तपकिरी, काचेसारखे कडक थेंब उरत. नखाने वाजवला की टक् आवाज यायचा. हरभऱ्याएवढा एक गोळा जमायला किती तक्ते कापावे लागत, हे मोजण्याचा नाद मला लागला होता.

थर्माकोलच्या पुनर्वापराबद्दल जे काही समजून घ्यायचं, ते सगळं त्या गोळ्यात होतं. तापलेली तार थर्माकोल कापत नाहीच. ती तो वितळवते. त्यातली हवा निघून जाते आणि आतलं मूळ प्लास्टिक पुन्हा हाती येतं. म्हणजे आपण ज्याला मखर करणं म्हणत होतो, त्याच्या कडेकडेने दुसरं एक काम आपोआप चाललं होतं.

हे मूळ प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. सीडीचं पारदर्शक कव्हर, स्वस्तातला हँगर, फूटपट्टी, फोटोच्या फ्रेमची पट्टी अशा कितीतरी वस्तू याच प्लास्टिकच्या असतात. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात ६ हा आकडा असेल तर ती पॉलिस्टायरीनची. थर्माकोल करताना हेच प्लास्टिक साबुदाण्याहून बारीक मण्यांच्या रूपात घेतात. मण्यात पेंटेन नावाचं सहज उडून जाणारं द्रव्य मुरवलेलं असतं. वाफ दिली की मणी मऊ पडतो, आतलं पेंटेन फुगतं आणि ज्वारीच्या दाण्याची लाही व्हावी तसा मणी चाळीस-पन्नासपट फुगतो. या लाह्या काही तास हवेशीर ठेवतात. मग साच्यात भरून पुन्हा वाफ देतात. त्या एकमेकींवर दाबल्या जातात, चिकटतात आणि फ्रिजच्या कोपऱ्याला नेमका बसेल असा तुकडा तयार होतो. तो तुकडा मोडला तर मोडलेल्या कडेवर एकेक लाही वेगळी दिसते.

फुगल्यावर त्यात प्लास्टिक उरतं आकारमानाच्या जेमतेम दोन टक्के. बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के ही तुमच्या-माझ्या खोलीतलीच हवा. ती असंख्य बंद कप्प्यांत अडकलेली असते, म्हणून थर्माकोल धक्का सोसतो आणि उष्णता अडवतो. कारखान्यातून आलेला टीव्ही न फुटता घोडबंदर रोडच्या अठराव्या मजल्यावर पोहोचतो तो या हवेमुळे.

ही करामत जर्मनीत लुडविगशाफेनला बीएएसएफ कंपनीच्या फ्रिट्झ श्टास्टनी या संशोधकाला १९५० च्या सुमारास साधली. तिथे तिचं नाव स्टायरोपोर. आपल्याकडचं 'थर्माकोल' हेही मुळात व्यापारी नावच, आणि त्याचा धागा ठाण्याशी जुळतो. १९४३ साली आर. ए. कोल या नावाने सुरू झालेली कंपनी १९६७ मध्ये बीएएसएफ इंडिया झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तुर्भ्याला तिचा कारखाना होता आणि हे नाव तिचंच. वनस्पती तुपाचं जसं डालडा झालं, तसं या फेसाचं थर्माकोल झालं आणि मूळ मालकाचं नाव लोक विसरून गेले.

आता भंगाराकडे येऊ. मागच्या वर्षी घरी नवा फ्रिज आला. खोक्यातून थर्माकोलचे आठ तुकडे निघाले. दुकानाच्या माणसाला म्हटलं, हे परत घेऊन जा. तो म्हणाला, "काका, आम्ही फक्त जुना फ्रिज नेतो." ते तुकडे दोन मोठ्या गोण्यांत भरले तरी वर डोकावत राहिले. रविवारी आमच्या नेहमीच्या भंगारवाल्याला हाक मारली. रद्दी, पत्र्याचा डबा आणि जुन्या नाट्यसंगीताच्या सीड्यांची पंधरा-वीस रिकामी कव्हरं त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक कव्हर फरशीवर टाकलं. पातळ पत्रा पडल्यासारखा खणकन आवाज आला. मान डोलावून त्याने ती कव्हरं कडक प्लास्टिकच्या पिशवीत टाकली. गोण्यांकडे मात्र बघितलंसुद्धा नाही. "थर्माकोल चालत नाही, साहेब. फुकट दिलात तरी नको."

कव्हर आणि थर्माकोल, दोन्हींचा माल एकच. मी घरातल्या काट्यावर गोण्या तोलल्या. आठ तुकडे मिळून भरले दीड किलोच्या आत. तो माणूस सायकलला दोन गोण्या बांधून, वाऱ्याशी झगडत रेल्वे फाटकापर्यंत गेला असता आणि त्याला मिळाले असते दीड किलोचे पैसे. तेवढ्याच जागेत रद्दी घातली तर शंभर किलोच्या आसपास मावते. त्याचा हिशेब अगदी बरोबर होता.

हाच हिशेब टेम्पोचा. पॅकिंगचा थर्माकोल एका घनमीटरला साधारण पंधरा ते वीस किलो भरतो. रस्त्यावर आपण ज्याला छोटा हत्ती म्हणतो, त्या गाडीची वाहण्याची ताकद पाऊण टनाची. तिच्या हौद्यात, वर दोरी बांधून, पाच घनमीटर माल चढवता येतो असं धरू. वाकडेतिकडे तुकडे एकमेकांत नीट बसत नाहीत, निम्मी जागा फटींत जाते. म्हणजे गाडी तुडुंब भरली तरी आत माल पन्नास किलो. डिझेल, ड्रायव्हर, टोल, वेळ, सगळं पाऊण टनाचं. माल पन्नास किलोचा. भाडं भरायचं ते हवेचं.

आणि हेच पन्नास किलो वितळवून ठोकळा केला तर? घरातल्या वीस लिटरच्या तीन बादल्यांत ते बसेल. मला वाटतं, थर्माकोलची अडचण एवढीच आहे. लोक म्हणतात, तो नष्ट होत नाही, त्याचं काही करता येत नाही. पहिलं खरं आहे. दुसरं साफ चूक. पॉलिस्टायरीन साधारण शंभर अंशांना मऊ पडायला लागतं. पुन्हा वितळवून पुन्हा साच्यात घालायला ते सोप्या प्लास्टिकांपैकी एक आहे. अडतं ते घरापासून यंत्रापर्यंतच्या रस्त्यावर. म्हणून यंत्र जितकं घराजवळ, तितका थर्माकोल वाचतो.

अशा यंत्रापाशी मी एक सकाळ उभा होतो. दिसायला पिठाच्या गिरणीसारखं. वर मोठा चौकोनी हौद, त्यात दातेरी पाती. तिथे काम करणाऱ्या बाई गोणीतून एकेक तुकडा काढून त्यावरची चिकटपट्टी सोलायच्या, कागदी लेबल ओढून काढायच्या, मग तुकडा आत टाकायच्या. करकर आवाज होऊन खाली भुगा पडायचा. तो भुगा मळसूत्रासारखा फिरणारा दांडा तापलेल्या नळीत ढकलत न्यायचा आणि दुसऱ्या टोकाने, सोऱ्यातून चकली पडावी तशी, मनगटाएवढी जाड पांढरी-राखाडी वळकटी हळूहळू बाहेर यायची. खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ती घडीवर घडी बसत जायची. थंड झाली की गुळाच्या ढेपेसारखा जड ठोकळा. धंद्यात याला लम्प म्हणतात. सकाळपासून भिंतीला लागून रचलेल्या गोण्यांचा डोंगर दुपारपर्यंत ओसरला होता आणि कोपऱ्यात चार ठोकळे होते.

चिकटपट्टी का सोलायची, हे तिथे डोळ्यांनी दिसलं. एका तुकड्यावर ती राहून गेली होती. वळकटीत काळी रेघ उमटली आणि जळका वास आला. ओला तुकडा गेला की नळीच्या तोंडाशी फसफस होऊन बुडबुडे यायचे. दर ठोकळ्याच्या दर्जावर ठरतो. स्वच्छ पांढरा ठोकळा वेगळा, डागाळलेला वेगळा. म्हणजे ठोकळ्याची किंमत ठरते ती आपल्या घरात, खोकं उघडतानाच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हे काम धुराचा बंदोबस्त असलेल्या यंत्रातच व्हायला हवं. परसात डबा तापवून थर्माकोल वितळवू नये, आणि पेटवू तर मुळीच नये. पॉलिस्टायरीनच्या रेणूत बेंझीनची कडी असते. ते पेटलं की कार्बन पुरता जळत नाही आणि काजळीची काळी जाळी हवेत तरंगत राहते. सोबत स्टायरीनची वाफ निघते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ पासून स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. आधारवाडीच्या डम्पिंगच्या आगी ज्यांनी कल्याणात खिडक्या लावून सोसल्या, त्यांना धुराबद्दल मी जास्त सांगायला नको.

ठोकळ्याचा पुढचा प्रवास सोपा असतो. तो फोडून, पुन्हा वितळवून त्याचा दाणा करतात. दाण्यापासून पट्ट्या काढतात. कल्याण-ठाण्यातल्या कुठल्याही फ्रेमच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या लांब सोनेरी, चॉकलेटी पट्ट्या बघा. लाकडाच्या वाटतात, पण कापलेलं टोक पाहिलं तर अनेकदा आतून बारीक छिद्रांचं पांढुरकं प्लास्टिक दिसतं. ते पॉलिस्टायरीन. शिवाय हँगर, फूटपट्ट्या, खेळणी. ज्याला वितळवायचं नाही तो भुगा हलक्या काँक्रीटमध्ये जातो, नाहीतर नव्या थर्माकोलमध्ये थोडा मिसळला जातो. अन्नाच्या भांड्यांसाठी मात्र हा दाणा वापरू नये. कुठून काय आलं आहे याची खात्री नसते.

ठाण्यात महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था यांनी मिळून थर्माकोलवर प्रक्रिया सुरू केली, याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा चालवणारी हीच संस्था. विसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करून त्याचं खत करण्याचं कामही तिने ठाण्यात रुजवलं. थर्माकोल कचऱ्यात मिसळण्याआधी वेगळा घेणारी जागा शहरात असणं, हेच अर्धं काम. डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशन ठरलेल्या दिवशी घरोघरचं कोरडं प्लास्टिक जमा करून घेत आली आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेत अधिकारी रामदास कोकरे यांनी २०२० पासून ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा आग्रह धरला आणि २०२१ मध्ये आधारवाडीचं डम्पिंग बंद झालं. त्याआधी वेंगुर्ल्यात त्यांनी हेच करून दाखवलं होतं. सुका कचरा सुकाच आला, तर त्यातून थर्माकोल निवडणाऱ्या हातांना काम करता येतं. आमटी लागलेला थर्माकोल कुणीच निवडत नाही.

जपानात थर्माकोल जागेवरच वितळवण्याचं काम बाजाराच्या पातळीवर झालं. मासळीची खोकी तिथे थर्माकोलचीच. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात खोकी रिकामी झाली की बाजाराच्या आवारातच वितळवून ठोकळे केले जायचे आणि बाहेर जायचे ते ठोकळे. हवा बाजारातच राहायची. आपल्याकडे ससून डॉकहून ठाण्याच्या मंडईत येणारं खोकं दोन-चारदा वापरलं जातं, मग फुटतं आणि बाजारामागे पडून राहतं. त्याला मासळीचं पाणी लागलेलं असतं, वास असतो. धुऊन वाळवल्याशिवाय यंत्रात घालता येत नाही. रोज त्याच जागी, त्याच प्रकारचा इतका माल साचतो की मंडईच्या पाठीमागे पाण्याचा नळ आणि एक छोटं यंत्र एवढ्यावर काम होईल. कुठल्याही सोसायटीपेक्षा हे सोपं आहे, असं मला मनापासून वाटतं.

वितळवण्याखेरीज आणखी दोन वाटा आहेत. एक विरघळवण्याची. संत्र्याची साल थर्माकोलवर पिळून बघा. जिथे तेलाचा थेंब पडेल तिथे खळगा पडू लागेल. सालीतलं लिमोनीन पॉलिस्टायरीन विरघळवतं. जपानच्या सोनी कंपनीने १९९० च्या दशकात याच तेलात थर्माकोल विरघळवून, नंतर तेल वेगळं काढून प्लास्टिक परत मिळवण्याची पद्धत बसवली होती. पेट्रोल आणि ॲसिटोनही हेच करतात, पण ते भडकणारे, तेव्हा तो प्रयोग घरी नको. दुसरी वाट हवेशिवाय तापवून रेणूच तोडण्याची. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्सने जेजुरीला प्लास्टिकपासून इंधन काढण्याचा प्रकल्प उभा केला, तो या जातीचा. ज्या मळक्या, मिसळलेल्या प्लास्टिकला दुसरं कुणी हात लावत नाही, त्याला ही वाट उपयोगी. पण स्वच्छ थर्माकोल जाळण्याच्या तेलात घालवणं मला जिवावर येतं. त्याची फ्रेम होऊ शकते.

मखरांचं काय झालं, ते बहुतेकांना माहीत आहे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. ताटं, वाट्या, पेले आणि सजावटीचा थर्माकोल त्यात आले. तीन महिन्यांनी, २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५,००० रुपये. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मागायला कारागीर उच्च न्यायालयात गेले, ती जुलैत नाकारली गेली. पुढे १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. ज्यांच्या जिन्याखाली मी लहानपणी उभा राहायचो, त्यांच्यासारख्या अनेकांचा तो वर्षाचा आधार होता. परळच्या नानासाहेब शेंडकरांनी बंदीच्या कितीतरी आधीपासून पुठ्ठ्याची घडीची मखरं करून दाखवली होती, म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांना पुढची वाट तरी दिसली. आज डोंबिवलीच्या फडके रोडवर पुठ्ठ्याच्या कमानी बघताना मला बंदी योग्यच वाटते. दीड दिवसासाठी केलेली, रंग आणि चमकी लावलेली, ओली झालेली मखरं यंत्रातही जात नव्हती.

ताटं-वाट्यांचंही तसंच. ती मण्यांची नसतात. पॉलिस्टायरीनचा फेस पातळ तक्त्यासारखा ओढून, दाबून केलेली, म्हणून गुळगुळीत. पण त्यांना लागलेली भाजी कोण धुणार? बंदी हाच त्यावरचा इलाज होता.

उरला तो पॅकिंगचा थर्माकोल, आणि तो ठाणे-डोंबिवलीत उरतोच आहे. कासारवडवलीपासून पलावापर्यंत दर महिन्याला नव्या इमारतींत ताबा मिळतो. ताब्यामागोमाग फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही येतात. दसरा-दिवाळीत सोसायटीच्या मागच्या भिंतीशी पांढरे ढीग लागतात. काही कंपन्या आता पुठ्ठ्याच्या पोळ्यासारख्या चौकटी किंवा अंड्यांच्या ट्रेसारखा कागदी लगदा वापरतात, ते चांगलंच. २०१६ च्या नियमांनी वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. माझा फ्रिज आणणाऱ्या माणसाने ते आठ तुकडे त्याच टेम्पोत परत नेले असते, तर गाडी नाहीतरी रिकामीच चालली होती. रिकाम्या गाडीत हवेचं भाडं पडत नाही. ही इतकी साधी सोय अजून रूढ झालेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तोपर्यंत आपण काय करतो? तुकडे डब्यात मावावेत म्हणून मोडतो. हे मात्र करू नका. थर्माकोल मोडला की लाह्या सुटतात. त्या हाताला चिकटतात, वाऱ्याने गॅलरीतून उडतात, पहिल्या पावसात गटारात आणि तिथून खाडीत. मोठागावच्या खाडीकाठी भरती ओसरल्यावर तिवरांच्या मुळांशी चिखलावर पांढरी रेघ राहते. जवळ जाऊन बघितलं तर त्यात पानं, काड्या, बाटल्यांची टोपणं आणि हजारो लाह्या असतात. उन्हाने त्या पिवळ्या पडतात, पिठूळ होतात, पण संपत नाहीत. ठाण्याच्या खाडीचं पाणी ज्या चिखलावर पसरतं, तिथे फ्लेमिंगो चोच उलटी करून पाणी गाळत बारीक जीव टिपतात. २०२२ मध्ये त्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला. ही लाही तिथून वेचून काढणारं कुठलंही यंत्र नाही. अख्खा तुकडा मात्र एका हाताने उचलता येतो.

आमच्या इमारतीत आता सायकल स्टँडच्या मागे एक कोपरा ठरवला आहे. वर पत्रा आहे, पाऊस लागत नाही. तुकडे अख्खे ठेवायचे, पट्टी सोलायची, एकात एक बसतात तसे रचायचे. दिवाळीनंतर चौदा गोण्या भरल्या. वजन केलं, साडेतेरा किलो. टेम्पो एकट्या आमच्यासाठी परवडला नसता, म्हणून शेजारच्या तीन सोसायट्यांना विचारलं आणि एकाच खेपेत सगळं गेलं.

यंत्रापाशी उभा होतो त्या दिवशी ठोकळ्याचा तुटलेला एक कोपरा त्या बाईंनी मला दिला होता. पुढच्या रविवारी तो भंगारवाल्यापुढे ठेवला. त्याने हातात घेऊन जोखला, नखाने खरवडला, मग सवयीने फरशीवर टाकला. खणकन आवाज आला. थर्माकोल म्हणून मी काही बोललो नव्हतो. त्याने तो काट्यात टाकला आणि विचारलं, "हा माल चालेल. अजून आहे का?"